पडणं, बरळणं, अंथरूण धरणं

“आई कालपासून जेवत नाही.” “बाबा रात्री उठून गोठ्यात जाऊन बसतात, माणूस ओळखत नाहीत.” “आजी परवा पडवीत पडली, तेव्हापासून उठायचं नाव घेत नाही.” तळेघरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा डोंगरातल्या एखाद्या उपकेंद्रात म्हाताऱ्या माणसाची तक्रार पोचते ती साधारण अशा शब्दांत. बऱ्याचदा म्हातारं माणूस स्वतः येतच नाही. त्याच्याविषयीचं एखादं वाक्य येतं, तेही नातवाला लस टोचायला आणलेल्या दिवशी, निघता निघता. त्या वाक्यापाशी सिस्टर थांबली आणि तिने दोन प्रश्न विचारले, तर पुष्कळदा एखादा गंभीर आजार वेळेत हाती लागतो. “वय झालंय, चालायचंच” असं म्हणून तिनेही मान हलवली, तर तोच आजार आठवडाभर घरात मुकाट वाढत राहतो.

तिशीतल्या माणसाला न्यूमोनिया झाला की ताप चढतो, खोकला येतो, छातीत दुखतं. आजार कुठे आहे ते शरीर स्वतःच सांगतं. ऐंशीच्या घरात तसं होत नाही. प्रत्येक अवयवाची राखीव ताकद कमी झालेली असते, त्यामुळे फुप्फुसाला जंतुसंसर्ग झाला तरी आधी हात टेकतो तो शरीरातला सगळ्यांत दुबळा भाग. कुणाचा मेंदू, कुणाचा तोल, कुणाची लघवीवरची पकड. न्यूमोनियाचा रुग्ण बरळतो. लघवीच्या संसर्गाचा रुग्ण पडतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या म्हातारीच्या छातीत कळ येतेच असं नाही. तिला नुसती धाप लागते, नाहीतर गळून गेल्यासारखं होतं. तापावरही विसंबता येत नाही. वृद्धांच्या बाबतीत तोंडात घेतलेलं तापमान ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर गेलं, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा १.१ अंशाने वाढलं, तरी संसर्गाचा संशय घ्यावा असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरुणात “कणकण आहे” म्हणून सोडून देण्याजोगा हा आकडा आहे.

म्हणूनच वृद्धांच्या वैद्यकात रोगांच्या यादीबरोबर लक्षणसमूहांची एक वेगळी यादी असते. ब्रिटिश वैद्य बर्नार्ड आयझॅक्स यांनी १९६५ साली त्यातल्या चारांना ‘जराशास्त्रातले राक्षस’ म्हटलं: हालचाल थांबणं, तोल जाणं, मलमूत्रावरचा ताबा सुटणं आणि बुद्धीचा गोंधळ. पुढे त्यात अशक्तपणा, उपासमार, उदासी, शय्याव्रण, औषधांचा अतिरेक अशी भर पडत गेली. कारणं अनेक असतात, पण ती येऊन मिळतात एकाच लक्षणात. तळेघरची आजी का पडली याचं उत्तर एका शब्दात मिळणार नाही, हे ज्या नर्सला ठाऊक आहे ती पुढचा प्रश्न विचारते.

आयझॅक्स यांच्याआधी ही वाट पाडली मार्जरी वॉरेन यांनी. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या अनाथ-गरिबांच्या जुन्या आश्रमातले ७१४ रुग्ण सोपवले गेले. बहुतेक म्हातारे, कित्येक वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले, कोणी कधी नीट तपासलेलेच नाहीत. वॉरेन यांनी एकेकाला तपासलं, उठवलं, बसवलं, चालवलं, आणि त्यातले पुष्कळजण आपापल्या घरी गेले. ते अंथरुणाला खिळले होते त्याचं एक कारण त्यांना अंथरुणातच ठेवलं होतं हे होतं. आपल्याकडे आजही आजारी म्हाताऱ्याला मायेपोटी “पडून राहा” म्हणतात. त्या पडून राहण्यात स्नायू भराभर झिजतात, आणि आठ-दहा दिवसांनी ताप गेलेला असतो पण पाय उरलेले नसतात.

तळेघर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भीमाशंकरच्या वाटेवर आहे. महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्यांचा हा मुलूख. पावसाळ्यात दिवसचे दिवस धुकं आणि सर, चिखलाची वाट, भाताची खाचरं. भातलावणी झाली की धडधाकट माणसं कांदा-टोमॅटोच्या मजुरीला मंचर, नारायणगावकडे उतरतात. घरात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती, आणि महाराष्ट्रात त्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण ९.९ टक्के होतं. ज्या गावातून तरुण कामाला बाहेर जातात त्या गावाच्या दिवसभराच्या लोकसंख्येत हा वाटा याहून कितीतरी मोठा दिसतो.

इथे वय विचारण्यापासूनच कामाला सुरुवात होते. आधारकार्डावर बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जानेवारी असते, म्हणजे ती अंदाजाने घातलेली आहे. तेव्हा “बाहत्तरच्या दुष्काळात तुमचं लगीन झालं होतं का? लेकरं किती होती?” किंवा “डिंभ्याचं धरण झालं तेव्हा थोरला केवढा होता?” असं विचारलं की वय बरंच नेमकं कळतं. शिवाय आजी सांगत असताना तिची स्मरणशक्ती, ऐकू येणं, वाक्य पुरं करणं, मन लावणं हे सगळं तपासून होतं. बोलण्यातून होणारी ही तपासणी घाईगर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना जमत नाही. नर्सला आणि आशाताईला जमते, कारण त्या घरी जातात.

या सगळ्या लक्षणांत सर्वांत जास्त चुकतं ते बरळणं. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण इतकी मुरलेली आहे की म्हातारं माणूस भलतंसलतं बोललं तर घरच्यांना त्याचं आश्चर्य वाटत नाही. पण मेंदूचा ऱ्हास महिन्या-वर्षांनी होतो. सोमवारी स्वतः चुलीपुढे बसून भाकरी थापणारी आजी गुरुवारी सुनेला ओळखेनाशी झाली, तर ते स्मृतिभ्रंशाचं काम नाही. ती सन्निपाताची स्थिती आहे, आणि तिच्यामागे काहीतरी ताजं, शोधण्याजोगं, बहुधा बरं होण्याजोगं कारण असतं. शेरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ती ओळखण्याची एक सोपी रीत मांडली. बदल अचानक आलेला आहे का, आणि दिवसभरात तो कमीजास्त होतो का? लक्ष एका जागी टिकतं का? हे दोन्ही असेल आणि जोडीला विचार विस्कळीत असतील किंवा शुद्धीची पातळी बदललेली असेल, तर निदान पक्कं धरून पुढे जावं.

लक्ष टिकतं का हे बघायला लिहिता-वाचता यावं लागत नाही. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या निरक्षर वृद्धांसाठी एक बुद्धिचाचणी तयार करून १९९५ साली प्रसिद्ध केली. इंग्रजी चाचणीतलं लेखन-वाचन काढून तिथे बोलता येण्याजोगे प्रश्न घातले. तळेघरला त्याच धाटणीने विचारता येतं: वार उलटे म्हणा, रविवार, शनिवार, शुक्रवार… आत्ता शेतात काय चाललंय, लावणी की काढणी? आज दिवसभरात घरी कोण कोण होतं? तारीख विचारण्यात अर्थ नाही. ज्याला तारखेची कधी गरज पडली नाही त्याला ती सांगता न येणं हा आजार नव्हे.

सन्निपाताचं एक रूप आरडाओरड्याचं असतं, ते सगळ्यांना दिसतं. दुसरं मुकं असतं. म्हातारा गप्प पडून राहतो, हाक मारली की डोळे उघडतो, हूं म्हणतो, पुन्हा मिटतो. घरचे सांगतात, “आता शांत झालेत, झोपतात चांगले.” अनुभवी नर्सला या शांततेची धास्ती वाटते, आणि ती वाटायलाच हवी. ओरडणाऱ्याला कोणीतरी दवाखान्यात आणतं. गप्प झालेल्याला पाणीसुद्धा वेळेवर मिळत नाही.

अशा घरी देवऋषी आधी येऊन गेलेला असण्याची शक्यता असते. बाधा झाली, कुणीतरी धरलं असं घरच्यांना वाटतं, आणि अचानक बदललेलं माणूस पाहून तसं वाटणं समजण्यासारखंही आहे. तिथे वाद घालणाऱ्या सिस्टरला पुढच्या वेळी बोलावणं येत नाही. “अंगारा लावलाय ना, असू द्या. मी जरा साखर बघते,” असं म्हणून ती कामाला लागली तर दार उघडं राहतं. पिशवीतल्या ग्लुकोमीटरने साखर, बोटाला ऑक्सिजन, तापमान, नाडी, एका मिनिटातले श्वास, रक्तदाब. मग हाताने बघायच्या गोष्टी. ओटीपोट फुगून घट्ट लागतंय का? प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्याची लघवी तुंबली की तो केवळ त्या त्रासाने भ्रमिष्ट होतो, आणि नळी घातल्यावर शुद्धीवर येऊ लागतो. शौचाला कधी झालं? जीभ कोरडी आहे का? रोज दारू घेणारा होता आणि तापामुळे दोन-तीन दिवस बंद पडली का? हा शेवटचा प्रश्न संकोचाने राहून जातो. तो राहू देऊ नये, दारू एकदम तुटल्यावर येणारा भ्रम जिवावर बेततो.

आणि गोळ्या. घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून आणायला सांगावं आणि ती पिशवी टेबलावर उपडी करावी. तालुक्याच्या दवाखान्यातल्या रक्तदाबाच्या गोळ्या, खासगी डॉक्टरने वेगळ्या नावाने दिलेल्या त्याच गोळ्या, दुकानातून आणलेली अंगदुखीची, आणि सर्दीची छोटी पिवळी सीपीएम. ही सीपीएम तरुणाला थोडी गुंगी आणते. म्हाताऱ्याला ती भ्रम, बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणं असं तिन्ही देऊ शकते. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी अमेरिकन वैद्य मार्क बीअर्स यांनी १९९१ साली प्रथम काढली. ती वेळोवेळी सुधारली जाते, आणि या जातीच्या जुन्या अ‍ॅलर्जीविरोधी गोळ्या तिच्यात ठळकपणे आहेत. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेतल्या की मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब चढतो, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बायका त्या मुठीने खातात. सिस्टरने गोळी स्वतःहून बंद करायची नसते, पण पिशवीत काय सापडलं ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगायचं असतं.

पडण्याबद्दल म्हातारी माणसं आपणहून बोलत नाहीत. पडलो म्हटलं तर शेतावर जायला बंदी होईल, काठी हातात येईल अशी भीती असते. म्हणून “गेल्या दिवाळीपासून आत्तापर्यंत कधी पडलात का?” असं नेमकं विचारावं लागतं. मग आजीला पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्यायचा, उभं करायचं, आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना अंधारी का येते याचं उत्तर मिळालं. दुसरी चाचणी १९९१ पासून जगभर वापरली जाते. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. खुर्ची, मोजपट्टी आणि घड्याळ एवढंच साहित्य लागतं, आणि ते प्रत्येक उपकेंद्रात असतं.

पडलेल्याला तपासताना दोन गोष्टी मनात पक्क्या हव्यात. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर खुब्याचं हाड मोडलं असं धरून चालायचं. चोळायचं नाही, चालवून बघायचं नाही. दुसरी गोष्ट डोक्याची. म्हातारपणी मेंदू आकसलेला असतो, त्यामुळे किरकोळ आपटण्यानेही कवटीच्या आत रक्त साकळू शकतं आणि त्याची लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. आज सुस्त झालेल्या बाबांच्या बाबतीत “मागच्या महिन्यात कुठे डोकं आपटलं होतं का?” हे विचारावंच लागतं.

पडतात कुठे? घरात आणि घराभोवती. पावसाने शेवाळलेली फरशी, उंबरठा, रात्री लघवीला बाहेर जाताना ओलं अंगण. मोतीबिंदूने दिसत नाही, दिवे गेलेले असतात. इथून गोष्ट लघवीकडे वळते, आणि तिथे शांतता पसरते. बायकांच्या दुखण्याभोवतीची ही शांतता किती दाट असते ते डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांच्या अभ्यासातून १९८९ साली जगापुढे मांडलं. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार होता, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. म्हातारीचं अंग बाहेर येत असतं, खोकलं की लुगडं ओलं होतं, आणि हे तिने सख्ख्या लेकीलाही सांगितलेलं नसतं. त्यावर तिने स्वतःच काढलेला उपाय म्हणजे पाणी न पिणं. संध्याकाळी चारनंतर घोटभरही नाही. मग बद्धकोष्ठ होतं, लघवीला संसर्ग होतो, उठताना चक्कर येते, आणि एका रात्री ती अंगणात पडते किंवा बरळू लागते. दवाखान्यात नोंद होते ती पडण्याची. मूळ कारण कुणाशी न बोललेल्या ओल्या लुगड्यात असतं. सिस्टर बाई असते, ती घरातल्या पुरुषांना बाहेर बसवून हळूच विचारू शकते: “आजी, पाणी कमी पिता का? घाईची लागते का?” अंथरुणाजवळ भांडं ठेवणं, दिवसा पाणी वाढवून झोपायच्या आधी कमी करणं, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणं, अंग बाहेर येत असेल तर मंचरला तपासणीसाठी पाठवणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

खाणं सुटलं की आधी तोंड उघडून बघायचं. दात नाहीत, मिश्रीने हिरड्या सोललेल्या आहेत, किंवा न भरणारा एखादा व्रण आहे का? तसा व्रण दोन आठवड्यांहून जुना असेल तर कर्करोगाची तपासणी थांबवून ठेवता येत नाही. वजनाचा काटा उपकेंद्रात गरोदर बायांसाठी असतोच. त्याच काट्यावर दर महिन्याला आजीलाही उभं करावं. उभी राहू शकत नसेल तर पोटरीचा घेर मोजावा, ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे कुपोषणाचा संशय. मोजपट्टीच्याही आधी डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा असतात. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, चोळी सैल होते. लिंडा फ्रीड यांनी २००१ साली वृद्धांचा अशक्तपणा मोजायला पाच निकष दिले: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, सैल पडलेली मूठ, मंदावलेली चाल, कमी झालेला वावर. तीन जुळले की माणूस अशक्त, एक-दोन जुळले तर त्या वाटेवर. त्या वाटेवरून माणसाला परत आणता येतं, डाळ-अंडी, चालणं आणि हिंडतं-फिरतं ठेवणं यांनी.

शय्याव्रणाची कथा तर नर्सनेच जगाला शिकवलेली आहे. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून १९६२ साली धोका मोजण्याची पट्टी दिली. अंगाची स्थिती, मनाची स्थिती, वावर, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा, अशा पाच बाबींचे मिळून २० गुण. १४ किंवा त्याहून कमी म्हणजे धोका. त्या काळी लावल्या जाणाऱ्या मलमांपेक्षा रुग्णाची कूस वेळोवेळी बदलणं कामाचं, हे तिने दाखवून दिलं. सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली दिसत नाही, म्हणून माकडहाड, खुबे आणि टाचा हाताने चाचपाव्या. शेजारच्या कातडीपेक्षा तिथे गरम, टणक किंवा पिठूळ लागतं का?

उदासीला इथे नाव नाही, “मन लागत नाही” एवढंच म्हणतात. जोडीदार गेल्यानंतर गप्प झालेलं माणूस जेवण सोडतं, झोप सोडतं, आणि त्यालाही वयाच्या खात्यात टाकलं जातं. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यातल्या वढू इथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पन्नाशीपुढच्या ग्रामीण माणसांचा जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाबरोबर पाठपुरावा केला. स्वतःची तब्येत वाईट आहे असं सांगणाऱ्यांमध्ये पुढच्या काळात मृत्यू अधिक झाले, आणि जोडीदाराची साथ नसणं हाही धोका ठरला. “कशी आहे तब्येत?” या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच लिहून ठेवण्याजोगं असतं. ऐकू न येणाऱ्याला विसराळू आणि न बोलणाऱ्याला वेडा समजण्याआधी त्याच्या कानातला मळ तेवढा बघून घ्यावा.

सरकारी चौकटीत यातलं बरंच आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. प्राथमिक केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांचा दवाखाना आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेट ही त्याची आखणी. आशाताईच्या तपासणी अर्जात साठीपुढच्यांसाठी चार प्रश्न आहेत: उभं राहताना-चालताना तोल जातो का, हालचाल अडवणारं अपंगत्व आहे का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का. प्रश्न अगदी नेमके आहेत. मुलाच्या देखत, दारात उभं राहून, भराभर विचारले तर चारही उत्तरं “नाही” येतात. पडवीत बसून, चहा घेऊन विचारले तर खरी येतात. आशाताईच्या मानधनात आणि कामाच्या यादीत या बसण्याला जागा मिळायला हवी.

आणि रुग्णाला १०८ च्या गाडीतून घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवायची वेळ आली, तर सिस्टरच्या चिठ्ठीतली एक ओळ रक्तदाबाच्या आकड्याइतकीच मोलाची असते: ‘सोमवारपर्यंत स्वतः उठत-बसत, स्वयंपाक करत होत्या, बुधवार रात्रीपासून ओळखत नाहीत.’ ही ओळ नसेल तर तिथल्या डॉक्टरांना दिसते ती एक गोंधळलेली म्हातारी, आणि ती कायमच अशी असावी असा समज होतो. गोळ्यांची पिशवी सोबत द्यावी, चष्मा द्यावा, काठी द्यावी, आणि रोजच्या सवयीचं एक माणूस गाडीत बसवावं. इनोये यांनीच १९९९ साली सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. चष्मा, ऐकू येण्याची सोय, वेळेवर पाणी, रोज चालवणं, रात्रीची शांत झोप आणि वारंवार बोलून भान देत राहणं, एवढ्या गोष्टी नेमाने केलेल्या गटात सन्निपाताचं प्रमाण ९.९ टक्के राहिलं. नेहमीच्या उपचारांच्या गटात ते १५ टक्के होतं. सोबत जाणाऱ्या सुनेला किंवा लेकाला या सहा गोष्टी गाडी सुटण्याआधी सांगायला सिस्टरला दोन मिनिटं लागतात.